स्लाइडवर किती लिहायचं आणि तोंडाने किती बोलायचं?

पान्हा_१३ | सोमवार, रात्री ९.१२

मंडळी, मदत हवी आहे. मी मेंटेनन्सचा माणूस. हातात पान्हा असला की सगळं सुतासारखं सरळ होतं, माइक आला की घशाला कोरड पडते. या गुरुवारी वरिष्ठांपुढे २० मिनिटं बोलायचंय. विषय : आमचा तीन नंबरचा कंप्रेसर सारखा का बंद पडतो आणि त्याचं काय करायचं.

मागच्या खेपेला रात्री जागवून ३४ स्लाइड केल्या होत्या. अकराव्या स्लाइडला साहेबांनी मोबाइल काढला. एकोणिसाव्याला म्हणाले, "फाइल पाठवून द्या, निवांत बघतो." ते निवांतपण अजून आलेलं नाही. फाइल शेवटची कोणी उघडली ते फोल्डरमध्ये दिसतं, तिथे अजून माझंच नाव आहे.

या वेळची पहिली स्लाइड जशीच्या तशी टंकतो. (बेअरिंग म्हणजे फिरता दांडा ज्याच्या आधारावर फिरतो तो भाग, 'ड्राइव्हकडचं' म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या मोटरच्या बाजूचं.) हसू नका :

कंप्रेसर क्र. ३ : देखभाल आढावा
– गेल्या सहा महिन्यांत ५ वेळा अनियोजित बंद
– ५ पैकी ४ वेळा ड्राइव्हकडच्या बेअरिंगचे तापमान वाढल्याचे आढळून आले
– कंपनांच्या नोंदी दर आठवड्याला घेण्यात येतात
– ग्रीसिंग वेळापत्रकानुसार करण्यात आले आहे
– बेअरिंग बदलण्याबाबत विचार होणे आवश्यक

झटपट करता येतील अशा युक्त्या सांगा. डिझाइन शिकत बसायला वेळ नाही.

आगाऊ_कार्टं | सोमवार, रात्री ९.२०

झटपट युक्ती : प्रोजेक्टरची वायर घरी विसरा. सगळे दुवा देतील.

(हलके घ्या.)

शेवटचा_बाक | सोमवार, रात्री ९.४१

मी सादरीकरणं दिली कमी, सोसली जास्त. त्यामुळे मागे बसून काय दिसतं तेवढं अधिकारवाणीने सांगू शकतो.

स्लाइड आली की आम्ही ती आधी वाचून काढतो. तुम्ही सांगा वा न सांगा, समोर अक्षरं दिसली की डोळे तिकडे जातातच. आणि मनात वाचणं तुमच्या बोलण्यापेक्षा जलद होतं. म्हणजे तुम्ही दुसऱ्या बुलेटवर, म्हणजे दुसऱ्या मुद्द्यावर, घसा साफ करत असता तेव्हा आमचे पाचही मुद्दे वाचून झालेले असतात. मग तुमचं बोलणं म्हणजे ऐकलेल्या बातम्या पुन्हा ऐकणं. साहेबांनी मोबाइल काढला त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

याहून वाईट प्रकार : स्लाइडवर एक वाक्य आणि तोंडात त्याच अर्थाचं, पण जरा निराळं वाक्य. तेव्हा ना धड वाचता येतं, ना धड ऐकता येतं. एकाच माणसाशी दोघांनी एकदम बोलावं तसं होतं.

माझी एकच मागणी : पाच मुद्दे असतील तर पाच स्लाइड करा, नाहीतर मुद्दे एकेक करून आणा. उडत येणारी, गिरक्या घेणारी अक्षरं नकोत. 'अपिअर' नावाचं साधं ॲनिमेशन असतं, तेवढं पुरतं.

खडूफळा | सोमवार, रात्री १०.०५

पान्हा, तुमच्या स्लाइडचं शीर्षक फक्त विषय सांगतंय, म्हणणं काय आहे ते सांगत नाही. 'देखभाल आढावा' हे फाइलवर लिहायचं नाव झालं. वर्गात मी फळ्यावर 'प्रकाशाचे अपवर्तन' एवढंच लिहिलं की मुलं ते उतरवून घेत आणि विसरून जात. 'पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो' असं लिहिलं की एखादा तरी हात वर व्हायचा, "का वाकतो?"

शीर्षकाच्या जागी पूर्ण वाक्य लिहा. क्रियापद असलेलं. तुमच्याच शेवटच्या बुलेटमध्ये ते दडलंय, पण 'विचार होणे आवश्यक' असं म्हणून तुम्ही ते गोधडीत गुंडाळून ठेवलंय. विचार कोणी करायचा? कधीपर्यंत? नाही केला तर काय होईल? मनातलं सरळ बोला : "ड्राइव्हकडचं बेअरिंग आत्ता बदललं नाही तर कंप्रेसर पुन्हा बंद पडेल."

हे झालं की खालचे चार मुद्दे आपोआप चाळले जातात. त्या वाक्याला पुरावा म्हणून जो उभा राहील तो ठेवायचा. 'नोंदी दर आठवड्याला घेण्यात येतात' हा पुरावा नाही, हजेरी आहे. नोंदी काय म्हणतात ते दाखवा.

एक कसोटी सांगते. सगळ्या स्लाइडची फक्त शीर्षकं एका कागदावर उतरवा आणि एका दमात वाचा. गोष्ट कळली तर क्रम बरोबर. मध्येच ठेच लागली तर तिथे एक स्लाइड कमी आहे किंवा एक जास्त. पॉवरपॉइंटमध्ये 'आउटलाइन' दृश्य असतं त्यात हे एका क्लिकवर दिसतं, पण मी कागदावरच करते.

ठोकताळा | सोमवार, रात्री १०.३८

खडूफळा यांना अनुमोदन. शीर्षकाने दिशाभूल केल्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे.

जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान झेपावताना बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना धोका किती आहे याचं विश्लेषण नासापुढे स्लाइडच्या रूपात मांडलं गेलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचून वाटावं की चाचण्यांची आकडेवारी दिलासा देणारी आहे. खरी गोम तळाशी, बुलेटच्या पोटातल्या बुलेटमध्ये, सर्वांत बारीक अक्षरांत होती : चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि इथे हिशेब १,९२० घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पट. ज्या चाचण्यांच्या जोरावर दिलासा दिला त्या चाचण्या इथे लागूच होत नव्हत्या. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं, कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

माहिती आणि आकडे कसे मांडावेत याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळानेही २००३ च्या अहवालात तिची दखल घेतली. सविस्तर तांत्रिक टिपणाऐवजी स्लाइडवर काम भागवण्याच्या सवयीवर मंडळाने नाव घेऊन बोट ठेवलं.

तुमच्या कंप्रेसरवर कोणाचा जीव टांगलेला नसेल. पण 'बेअरिंग बदलणे' पाचव्या ओळीत घालून ठेवण्याची वृत्ती तीच.

मसुदा | सोमवार, रात्री ११.१०

स्लाइडमुळे यान पडलं असा सूर लागू नये म्हणून लिहितो. यान पडलं ते पंखाच्या कडेला भोक पडलं म्हणून. त्या स्लाइडने धोका झाकला हे मान्य.

आणि आता माझा विरोध नोंदवतो. 'कमी लिहा, मोठं लिहा, चित्र टाका' हा सल्ला भाषण देणाऱ्यांना शोभतो. आमच्याकडे स्लाइड बैठकीआधी मागवतात, बैठकीत अर्धी माणसं नसतात, आणि तीन महिन्यांनी कोणीतरी तीच फाइल उघडून विचारतं, "हा आकडा कुठून आला?" तेव्हा मी शेजारी बोलायला उभा नसतो. चार शब्द आणि एक फोटो असलेली स्लाइड त्या दिवशी मुकी असते. म्हणून मी भरगच्च लिहितो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

शेवटचा_बाक | सोमवार, रात्री ११.१६

म्हणजे न आलेल्यांसाठी आलेल्यांना शिक्षा.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ६.५०

मसुदा यांची अडचण खरी आहे, थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पण ती अडचण स्लाइडची नसून एकाच फाइलला दोन कामांना जुंपल्याची आहे. वाचायचा दस्तऐवज आणि बोलताना मागे दिसणारा पडदा ही दोन निराळी जनावरं आहेत. एका जुवाला बांधली की दोन्ही अडतात.

सोपा उपाय असा. प्रत्येक स्लाइडखाली टिपांची जागा असते, 'नोट्स'. जे जे तुम्ही स्लाइडवरून काढाल ते तिथे टाका : आकडा कुठून आला, कोणत्या तारखेचा, गृहीत काय धरलं. छापताना 'नोट्स पेजेस' निवडलं की वर स्लाइड आणि खाली मजकूर असं पान निघतं. पीडीएफही तशीच करता येते. बैठकीत पडदा मोकळा, पाठवायला भरलेली पानं, फाइल एकच.

मसुदा | मंगळवार, सकाळी ९.३०

नोट्सची पीडीएफ करता येते हे माहीत नव्हतं. आठ वर्षं वाया गेली म्हणायची.

तरी माझा मुद्दा पूर्ण सुटत नाही. जिथे सगळे आधी वाचून येणार आहेत तिथे स्लाइड करूच नये, सरळ दोन पानी टिपण लिहावं. ॲमेझॉनमध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून २००४ साली स्लाइड हद्दपार केल्या आणि त्याऐवजी लेखी टिपण आणलं, बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात. पान्हा, तुमच्या साहेबांना एक पान लिहून दिलं तर चालेल का ते आधी विचारा.

पान्हा_१३ | मंगळवार, दुपारी १.२२

विचारलं. "स्लाइड पाहिजेतच, पण पानही द्या" असं उत्तर आलं. काम दुप्पट झालं. मसुदाजी, तुमचे आभार कसे मानू.

सुविचार_संग्रह | मंगळवार, दुपारी २.०५

नमस्कार. दोन सोनेरी नियम लक्षात ठेवा. (१) एका स्लाइडवर ७ ओळी आणि एका ओळीत ७ शब्द, कारण माणसाच्या लक्षात सातच गोष्टी राहतात हे सिद्ध झालंय. (२) श्रोत्यांवर शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के होतो, ५५ टक्के देहबोलीचा. तेव्हा स्लाइडची काळजी सोडा, हसतमुखाने उभे राहा!

ठोकताळा | मंगळवार, दुपारी २.४०

दोन्ही आकडे खूप फिरलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधातला. तो थोड्या वेळापुरतं डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेबद्दल आहे. स्लाइड डोळ्यांसमोर असते, ती पाठ करायची नसते, त्यामुळे ओळींच्या संख्येशी त्याचा संबंध नाही. शिवाय ७ गुणिले ७ म्हणजे ४९ शब्द. पडद्यावर ४९ शब्द लावून त्यावर बोलून बघा, शेवटचा_बाक काय म्हणतात ते ऐका.

७ आणि ५५ टक्के हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आले. त्यात माणूस बोलताना आवडनिवड, भावना कशी व्यक्त करतो हे तपासलं होतं, तेही शब्द एक सांगतायत आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, अशा स्थितीत. बेअरिंगचं तापमान ५५ टक्के चेहऱ्यावरून कळत नाही.

हसतमुखाने उभं राहायला हरकत नाही.

आगाऊ_कार्टं | मंगळवार, दुपारी २.४४

बेअरिंग बसल्यावर मेंटेनन्सवाल्याचा चेहरा बघा. सगळं कळतं.

रिमोट_कुठंय | मंगळवार, रात्री ८.१५

मी सभागृहात पडद्यामागे बसणारा. प्रोजेक्टर, माइक, वायरी हे माझं खातं. लोक स्लाइडच्या रंगांवर आठवडा घालवतात आणि लॅपटॉप पहिल्यांदा आमच्या वायरीला लावतात तो बोलायच्या दोन मिनिटं आधी. तेव्हा माझ्या डोक्यात जे बसलंय ते असं :

प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. काळा म्हणजे तिथे प्रकाश न टाकणं. पडदा पांढरा आणि खोलीत दिवे चालू, म्हणजे तुमचा 'काळा' हा प्रत्यक्षात करडा. लॅपटॉपवर झोकात दिसणारी गडद पार्श्वभूमी आणि त्यावरची फिकी बारीक अक्षरं उजेडात धुऊन निघतात. दिवे चालू राहणार असतील तर पांढरी किंवा फिकी पार्श्वभूमी, त्यावर गडद अक्षरं. अंधारं सभागृह किंवा मोठा एलईडी पडदा असेल तर गडद पार्श्वभूमी चालते. खोली कशी आहे हे आधी विचारा, थीम मग निवडा.

अक्षर किती मोठं हवं? लोक ३० पॉइंटचा नियम सांगतात. उद्योगविषयक लेखक गाय कावासाकी यांचा १०-२०-३० : दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीसपेक्षा लहान अक्षर नको. ठोकळेबाज आहे, पण ज्याला काहीच माहीत नाही त्याला वाचवतो. माझी रीत मापाची. पडद्याची उंची दीड मीटर आणि शेवटची खुर्ची १२ मीटरवर असेल तर ती पडद्याच्या उंचीच्या आठ पट लांब झाली. १५ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची साधारण १९ सेंटिमीटर. त्याच्या आठ पट म्हणजे दीड मीटर. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा, दीड मीटर मागे सरका आणि वाचा. शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला अक्षरं जेवढी दिसतील साधारण तेवढीच तुम्हाला दिसतील. जे वाचता येत नाही ते मोठं करा नाहीतर काढा. 'हे तुम्हाला मागे दिसत नसेल, पण...' असं म्हणून पुढे जाणारा माणूस भेटला की माझा हात वायरीकडे जातो.

मग बटणं. सादरीकरण चालू असताना 'बी' दाबलं की पडदा काळा, पुन्हा दाबलं की परत. 'डब्ल्यू'ने पांढरा. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स, लिबरऑफिस तिन्हींत चालतं. महत्त्वाचं काही बोलायचं असेल तेव्हा पडदा काळा करा, खोलीतली सगळी डोकी तुमच्याकडे वळतात. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. एफ५ने सुरुवातीपासून, शिफ्ट आणि एफ५ने आहे त्या स्लाइडपासून. काही लॅपटॉपवर एफ५साठी एफएन धरावं लागतं, ते घरी बघून ठेवा. विंडोजची कळ आणि 'पी' दाबलं की पडदा कसा जोडायचा ते विचारतं. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच, 'एक्स्टेंड' म्हणजे तुमच्याकडे टिपा आणि पुढची स्लाइड, पडद्यावर फक्त स्लाइड. उलटं झालं आणि तुमच्या टिपा लोकांना दिसायला लागल्या तर घाबरू नका, त्याच दृश्यात वर 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये अदलाबदल करायची सोय असते. आणि टिपांत वरिष्ठांबद्दल काही लिहू नका. मी पाहिलंय.

नोटिफिकेशन बंद करा. हेही पाहिलंय, तपशील देत नाही.

शेवटचा_बाक | मंगळवार, रात्री ८.२२

तपशील द्या की.

रिमोट_कुठंय | मंगळवार, रात्री ८.२४

नाही.

वेलांटी | मंगळवार, रात्री ९.०३

छान चाललाय धागा. पान्हा, तुमच्या स्लाइड मराठीत आहेत म्हणून देवनागरीपुरती भर घालते, कारण फुकट मिळणाऱ्या बहुतेक टिपा रोमन लिपीसाठी लिहिलेल्या असतात.

आपल्या अक्षराला वर मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार असतात. ओळी दाटीवाटीने लावल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीवर बसतो. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, इटॅलिकही बहुतेक फॉन्टमध्ये खरं नसतं, नुसतं तिरकं ढकललेलं असतं. म्हणजे ठसवण्यासाठी हातात उरतं काय? जाडी, आकार आणि रंग. त्यातलं एका वेळी एकच वापरा. जाड, लाल, अधोरेखित आणि वर उद्गारचिन्ह असं करू नका, ते लिहिणं नाही, आरडाओरडा आहे.

फॉन्ट : 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' या नावाचे घ्या. दोन्ही मोफत आहेत, अनेक जाड्यांत मिळतात, आणि रोमन अक्षरंही त्याच वळणाची येतात, त्यामुळे मिश्र मजकूर विजोड दिसत नाही. आकड्यावर विसंबू नका. २८ पॉइंट एका फॉन्टमध्ये ऐसपैस, दुसऱ्यात आखूड. वरची दीड मीटरची कसोटीच खरी. (काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. अर्थ बिघडत नाही, मला खुपतं एवढंच.)

सर्वांत मोठा धोका : दुसऱ्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसणं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टंकलं असेल (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) तर तिथे नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून युनिकोडच वापरा, विंडोजवर 'सेव्ह'च्या पर्यायांत 'एम्बेड फॉन्ट्स' (फॉन्ट फाइलमध्येच साठवणं) वर खूण करा, आणि बरोबर एक पीडीएफ ठेवा. पीडीएफमध्ये ॲनिमेशन जातं, पण अक्षरं शाबूत राहतात.

पान्हा_१३ | बुधवार, सकाळी ७.४०

काल रात्री बसलो. ३४ च्या ९ झाल्या. शीर्षकं कागदावर उतरवली तेव्हा कळलं की तीन स्लाइड 'आम्ही किती काम करतो' हे सांगण्यासाठीच होत्या. काढताना जिवावर आलं, पण काढल्या.

आता अडलोय आलेखावर. कंपनांच्या २६ आठवड्यांच्या नोंदी आहेत, चार बेअरिंगच्या. एक्सेलने चार रंगांच्या चार रेघा दिल्या, उजवीकडे रंगांची यादी, मागे जाळी. खराब बेअरिंगची रेघ २.३ वरून ६.८ मिलिमीटर प्रति सेकंद (हे कंपनाच्या जोराचं माप) झालीय, बाकी तीन जिथल्या तिथे आहेत. मला दिसतं, पण बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "यात बघायचं काय?"

ठोकताळा | बुधवार, सकाळी ८.१५

वहिनींचा प्रश्न लाख मोलाचा. चार रंग म्हणजे चारही रेघांना सारखाच मान. तुम्हाला तर एकीकडेच बोट दाखवायचंय. तीन रेघा फिक्या करड्या करा, चौथी गडद आणि जाड. रंगांची यादी उडवा आणि नाव रेघेच्या टोकाशीच लिहा, म्हणजे मान सारखी उजवीकडे-डावीकडे फिरवावी लागणार नाही. जाळी काढा. जिथे जिथे मशीन बंद पडलं तिथे रेघेवर एक ठिपका द्या. पाच ठिपके. आणि धोक्याच्या पातळीची एक आडवी तुटक रेघ.

लाल-हिरव्याच्या भरवशावर राहू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. इतरत्र प्रमाण कमी-जास्त असतं, पण बैठकीत असा कोणी नसेल हे गृहीत धरू नका. 'लाल म्हणजे खराब, हिरवं म्हणजे ठीक' असं असेल तर सोबत शब्दही लिहा. छापील प्रत काळी-पांढरी निघाली तरी निभावतं.

स्तंभालेख कुठे केला असेल तर त्याचा अक्ष शून्यापासून सुरू करा. स्तंभाची उंचीच तिथे बोलते, खालून कापली की खोटं बोलते. रेघेच्या आलेखाला ही सक्ती नाही. त्रिमितीय पाय चार्ट केला असेल तर या धाग्यावर कबूल करू नका.

खडूफळा | बुधवार, सकाळी ८.४०

आलेख आला की आधी अक्ष सांगा. "आडव्या रेघेवर आठवडे, उभ्या रेघेवर कंप." पाच सेकंद लागतात. लोक मुकाट बसतात म्हणजे त्यांना कळलं असं नसतं.

आणि मोठ्याने सराव करा. मनातल्या मनात केलेला सराव धरू नका, मनात आपण कधीच अडखळत नाही. वेळ लावून दोनदा. पेचाकुचा नावाचा प्रकार ऐकला असेल, टोकियोत २००३ मध्ये सुरू झाला : २० स्लाइड, प्रत्येक २० सेकंदांत आपोआप पुढे, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. तसं सादरीकरण करू नका, पण सरावाला एकदा स्लाइड आपोआप पळवून बघा. कुठे उगाच रेंगाळता ते लगेच कळतं.

पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करा. मधलं पाठ करू नका.

मसुदा | बुधवार, सकाळी १०.०२

माझ्याकडून एक भर, विरोध नाही. साहेब काय विचारतील ते आधी लिहून काढा. 'ग्रीस जास्त तर होत नाही ना?' हा प्रश्न येणारच, जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं. त्याचं उत्तर असलेली स्लाइड शेवटच्या स्लाइडनंतर ठेवून द्या, दाखवायची नाही. प्रश्न आला की क्रमांक आणि एंटर. क्रमांक कागदावर लिहून ठेवा. जुन्या भरगच्च स्लाइड फेकू नका, त्यांची हीच जागा.

शेवटची स्लाइड 'धन्यवाद' ठेवू नका. चर्चा चालू असताना अर्धा तास पडद्यावर तो एकच शब्द राहतो. तुमची मागणी तिथे राहू द्या.

कानाकोपरा | बुधवार, दुपारी ३.१८

बऱ्याच दिवसांनी खूण साठवावी असा धागा. एक बारीकशी युक्ती माझीही : पॉवरपॉइंटची .पीपीटीएक्स फाइल ही आतून झिपच (अनेक फाइलींचं एक गाठोडं) असते. प्रत करून फाइलच्या नावाचा शेवट बदलून .झिप करा आणि उघडा, 'मीडिया' फोल्डरमध्ये सगळी चित्रं मूळ स्वरूपात मिळतात. फाइल एवढी जड कशाने झाली तेही तिथेच सापडतं.

व्हिडिओ कॉलवर दाखवायचं असेल तर ॲनिमेशन कमीत कमी ठेवा, पलीकडे ते अडकत अडकत दिसतं. आणि पूर्ण पडदा शेअर करण्यापेक्षा फक्त सादरीकरणाची खिडकी शेअर करा.

पान्हा_१३ | शुक्रवार, सकाळी ९.०५

झालं काल. वृत्तांत :

पहिल्या स्लाइडवर एकच वाक्य होतं, "ड्राइव्हकडचं बेअरिंग महिनाअखेरपर्यंत बदललं नाही तर कंप्रेसर ३ पुन्हा बंद पडेल." ते वाचून साहेब म्हणाले, "कशावरून?" एवढ्या लवकर प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं. दोन आणि तीन नंबरच्या स्लाइड सोडून थेट चौथ्या आलेखावर गेलो, क्रमांक आणि एंटर. हात थरथरत होता, १४ दाबलं गेलं. नेमकी तीच ग्रीसची राखीव स्लाइड. "हे काय?" म्हणाले. म्हटलं, तुमच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर. खोली हसली. तिथून पुढे घशाची कोरड गेली.

आलेखावरचे पाच ठिपके त्यांनी स्वतः मोजले. मध्ये 'बी' दाबून पडदा काळा केला तर एक जण म्हणाला, "वीज गेली का?" तेवढं फसलं. १३ मिनिटांत संपलं, उरलेला वेळ चर्चा. एकपानी टिपण कोणी वाचलं की नाही माहीत नाही, पण दोघांनी घडी घालून खिशात ठेवलं.

आगाऊ_कार्टं | शुक्रवार, सकाळी ९.११

ते सगळं ठीक. कंप्रेसरचं काय?

पान्हा_१३ | शुक्रवार, सकाळी ९.३०

रविवारी शटडाऊन मिळालाय. बेअरिंग हाती आलं, पण जुनं निघेल की नाही ही धाकधूक आहे, बहुतेक शाफ्टवर घट्ट बसलंय. पुलर (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) मोठा लागणार. कोणाला अनुभव असेल तर वेगळा धागा काढतो, इथे नको.